ताईला काय दिसत होतं, ते कुणी विचारलंच नाही

स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, खोट्या समजुती पक्क्या होणं असा मनोविकार) असलेल्या स्त्रियांबद्दल या सदरात पत्रं येतात ती बहुतेक गोळ्यांबद्दल, वाढलेल्या वजनाबद्दल, बाळंतपणाबद्दल. या वेळच्या पत्रांत मात्र पोलीस, वकील, कोर्ट हे शब्द आहेत. माझी नोकरीची बहुतेक वर्षं स्त्रियांच्या मनोविकार वॉर्डात आणि कारागृहातल्या स्त्री-कैद्यांच्या तपासण्या करण्यात गेली. त्यामुळे एखादं उत्तर लांबलं तर चालवून घ्या. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : माझी ताई ४२ वर्षांची आहे. पंचविशीपासून स्किझोफ्रेनियाची औषधं घेते. मधली बरीच वर्षं छान गेली, नोकरीही केली. गेल्या वर्षी वजन खूप वाढलं, पाळी थांबली, तेव्हापासून तिने गोळ्या सोडल्या. आम्हाला पत्ताच नव्हता, कारण पाकिटातली गोळी रोज कमी होत होती. नंतर कळलं की ती बेसिनमध्ये टाकायची. घटनेच्या आधी काही आठवडे ती आईच्या हातचं खात नव्हती. आईला ‘अगं’ म्हणायची सोडून ‘तुम्ही’ म्हणायला लागली होती. आम्ही ते थट्टेवारी नेलं. मग एके दुपारी तिने इस्त्री उचलून आईच्या डोक्यात घातली. आई वाचली, टाके पडले. शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. ताई आता कोठडीत आहे. आई म्हणते, तक्रार मागे घ्या, तिला घरी आणा. नातेवाईक म्हणतात, वेडी आहे, सुटेल. ताईला तुरुंगात टाकतील का? ती पुन्हा असं करेल का? आमचं काय चुकलं?

उत्तर : आधी आजचं काम करा. ताईचे जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, शेवटची प्रिस्क्रिप्शन, जे सापडेल ते गोळा करून त्याचे दोन संच काढा. एक वकिलाला द्या, दुसरा ती जिथे आहे तिथल्या डॉक्टरांना. सोबत साधा अर्ज जोडा : हा आजार आहे, हे औषध या डोसने चालू होतं, अंदाजे तेव्हापासून बंद आहे, मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी व्हावी. अर्जाची पोच घ्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण आरडाओरडा करणाऱ्या बाईला निदान डॉक्टर येऊन बघतो. कोपऱ्यात बसून पुटपुटणारीची नोंद ‘शांत आहे’ अशी होते, आणि ती विनाऔषध तशीच राहते. घरून नेऊन जुन्या गोळ्या मात्र तिला देऊ नका. मध्ये खंड पडल्यावर एकदम जुना डोस देणं काही औषधांत धोक्याचं असतं. क्लोझापिन या औषधात तर दोन दिवसांच्या खंडानंतरही पुन्हा अगदी कमी डोसपासून चढत जावं लागतं.

दुसरं काम वहीत करायचं आहे. घटनेआधीच्या आठवड्यांत ताई काय बोलली, काय वागली, ते तिच्याच शब्दांत आणि आठवतील त्या तारखांसह लिहून काढा. ‘विचित्र वागायची’ असं लिहू नका, त्यातून कोर्टाला काही कळत नाही. ‘आईला तुम्ही म्हणायची’, ‘आईने वाढलेलं ताट बाजूला सरकवायची’ असं लिहा. तज्ज्ञ तिला तपासतील तोवर कदाचित औषधं सुरू होऊन ती बरीच सावरलेली असेल. इस्त्री उचलली त्या दुपारी तिच्या मनात काय होतं, हे शोधायला त्यांना तुमची वही लागेल.

आता तुरुंगाचं. कायद्याचा तपशील देशागणिक बदलतो, पण बहुतेक ठिकाणी दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात. एक, कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते गैर आहे, हे कळण्याच्या स्थितीत ती होती का? दोन, आज खटल्यात काय चाललंय ते समजून घेऊन वकिलाशी बोलण्याइतकी ती बरी आहे का? नुसता आजाराचा दाखला दोन्हींपैकी एकाही प्रश्नाला पुरत नाही. आजार असूनही भान शाबूत असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांनी रागाने मारलं होतं, जसं कुणीही रागाने मारतं.

‘वेडी आहे, सुटेल’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना डॅनियल मॅकनॉटनची गोष्ट सांगा. १८४३ साली लंडनमध्ये त्याने पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. सत्ताधारी पक्ष आपल्या मागावर आहे, असा त्याचा भ्रम होता. ज्युरींनी त्याला वेडेपणाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं, लोक खवळले, आणि त्या गदारोळातून न्यायाधीशांनी जे नियम सांगितले त्यांची छाप आजही कित्येक देशांच्या कायद्यांवर आहे. ‘सुटलेला’ मॅकनॉटन घरी कधीच गेला नाही. आधी बेथलेम आणि मग ब्रॉडमूर या मनोरुग्णालयांत राहून १८६५ मध्ये तिथेच वारला. आता कायदे पुष्कळ बदलले, तरी अशा निकालानंतर सहसा रुग्णालयातले उपचार येतात आणि ते किती चालतील याची तारीख आधी कुणी देत नाही. वकिलाशी बोलताना हे डोळ्यांपुढे ठेवा. शिक्षा टाळणं आणि लवकर घरी येणं या दोन गोष्टी नेहमीच एका वाटेवर नसतात.

तुमच्या पत्रात माझं लक्ष सगळ्यात जास्त गेलं ते ‘तुम्ही’वर. ताई आईशी तुसडेपणाने वागत नव्हती. तिच्या लेखी समोर आई नव्हतीच, आईच्या रूपात कुणी परकी बाई वावरत होती. परक्या बाईच्या हातचं कसं खायचं? तिला ‘अगं’ कसं म्हणायचं? जवळच्या माणसाच्या जागी हुबेहूब दिसणारा तोतया आणून ठेवलाय, असा हा भ्रम आहे. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोसेफ काप्ग्रा यांनी एका सहकाऱ्यासह १९२३ मध्ये त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. ती रुग्णही स्त्रीच होती, आणि नवऱ्याच्या, मुलीच्या जागी तोतये आणलेत असं ती सांगायची. ताईला मी तपासलेलं नाही, त्यामुळे निदानाचा शिक्का मी मारणार नाही. पण वकिलाला आणि डॉक्टरांना ‘काप्ग्रा भ्रम’ हे नाव सांगून ठेवा, म्हणजे ते त्या दिशेने विचारतील.

हा भ्रम घातक ठरतो तो घरातच. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा तोतया कोण कशाला आणेल? मी तपासलेल्या बायकांनी इजा केली होती ती बहुतेक वेळा आईला, मुलाला, नवऱ्याला, बहिणीला. म्हणजे जे त्यांना सांभाळत होते त्यांनाच. हाताशी आलं तेच हत्यार झालेलं असायचं.

पुन्हा करेल का? भ्रम उतरला आणि औषध टिकलं, तर शक्यता पुष्कळ कमी होते. भ्रम तसाच राहिला आणि ती फक्त गप्प झाली, तर शक्यता कमी होत नाही. घरच्यांची इथेच फसगत होते. ‘आता शांत आहे, जेवते, झोपते’ एवढ्यावर विसंबून तिला आईच्या शेजारच्या खोलीत आणू नका. आधी डॉक्टरांसमोर तिला सरळ विचारलं जाऊ दे : ही कोण आहे? हिच्याकडे बघून तुला काय वाटतं? तुझी खरी आई कुठे आहे? उत्तरात अडखळणं असेल तर थांबा. आईला हे फार कठोर वाटेल. आईची माया मला कळते, पण टाके पडलेल्या बाईला आणि मारणाऱ्या लेकीला, दोघींनाही आत्ता एका घरात राहणं झेपायचं नाही. काही काळ ताईने दुसरीकडे राहणं म्हणजे तिला टाकणं नव्हे.

तुमचं काय चुकलं, याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. पण ताईने गोळ्या का सोडल्या ते मला लख्ख दिसतं, आणि त्यात तिच्या डॉक्टरांचाही वाटा आहे. काही औषधांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, त्याने पाळी थांबते, कधी छातीतून दूध येतं. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळतं आणि डोस किंवा औषध बदलता येतं. पण पाळीबद्दल विचारायला डॉक्टर विसरतात आणि बाई सांगायला लाजते. मग गोळी बेसिनमध्ये जाते. पुढच्या वेळी पंधरवड्याने किंवा महिन्याने घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. रोजच्या पाळतीची कटकट वाचते, तुमची आणि तिचीही.

आणि घरात एक सवय लावा, विचारायची. ‘आवाज येतात का?’ इथे थांबू नका. काय सांगतात? काही करायला सांगतात का? कुणाला? ऐकलं नाहीस तर काय होईल असं वाटतं? विचारल्याने डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. उलट बऱ्याच जणी मोकळ्या होतात. ‘हे तू आधी का नाही सांगितलंस?’ असं मी एकीला विचारलं होतं, तर ती म्हणाली, “कुणी विचारलंच नाही. सगळे फक्त, गोळी घेतलीस का, एवढंच विचारायचे.”

एक शेवटचं, आणि ते जपून वाचा. औषधं लागू पडली की एक दिवस ताईला कळेल की ती खरंच आई होती. तो दिवस सगळ्यात धोक्याचा. या आजारात आयुष्यभरात सुमारे ५ टक्के रुग्ण आत्महत्येने जातात, आणि अशा जाणिवेनंतरच्या आठवड्यांत मी नर्सना त्या खाटेवर जास्त लक्ष ठेवायला सांगायची. ती आहे तिथल्या डॉक्टरांना हे आत्ताच बोलून ठेवा. शक्य झालं तर तेव्हा आईने तिला भेटावं, डॉक्टर हजर असताना.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. एका संशोधनात वाचलं की स्किझोफ्रेनियामुळे हिंसक गुन्ह्याची शक्यता पुरुषांत साडेचार पट, तर स्त्रियांत २३ पट वाढते. म्हणजे हा आजार स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त धोकादायक बनवतो का?

उत्तर : आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकलाय. तुम्ही म्हणता तो अभ्यास डेन्मार्कचा असणार. १९४४ ते १९४७ मध्ये तिथे जन्मलेल्या साडेतीन लाखांहून अधिक लोकांच्या अटकेच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या, आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातली ‘पट’ मोजलीय ती इतर स्त्रियांच्या तुलनेत. इतर स्त्रिया हिंसक गुन्ह्यासाठी जवळजवळ अटकच होत नाहीत. समजा (हे आकडे फक्त उदाहरणाचे) १०,००० निरोगी स्त्रियांत एकीला अटक होते आणि तेवढ्याच आजारी स्त्रियांत विसांना. झाले वीस पट. पण उरलेल्या ९,९८० जणींनी कुणाच्या अंगाला बोट लावलेलं नाही. प्रत्यक्ष संख्येत हा आजार असलेले पुरुष स्त्रियांच्या पुढेच असतात.

२००९ मध्ये २० अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हाही हेच चित्र होतं : पुरुषांत १ ते ७ पट, स्त्रियांत ४ ते २९ पट. एवढी रुंद दरी असलेला आकडा युक्तिवादात वापरताना हात थोडा आखडता घ्या. त्याच आढाव्यातली जास्त कामाची गोष्ट म्हणजे, दारू किंवा ड्रग्जचं व्यसन जोडीला असेल तर धोका सुमारे ९ पट आणि नसेल तर सुमारे २ पट. वर्तमानपत्रं आजाराचं नाव मथळ्यात छापतात, बाटलीचं छापत नाहीत.

स्वीडनमधला एक आकडा मात्र मला अनेक वर्षं छळतोय. तिथे एकूण हिंसक गुन्ह्यांत गंभीर मनोविकार असलेल्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के निघाला. पण चाळिशीपुढच्या स्त्रियांनी केलेल्या हिंसक गुन्ह्यांपुरतं पाहिलं तर १९ टक्के. कारण पुन्हा तेच, त्या वयाच्या इतर स्त्रिया क्वचितच असा गुन्हा करतात. तुम्ही उद्या वकील व्हाल तेव्हा याचा अर्थ असा घ्या : मध्यमवयीन बाई, आधी कसलाही गुन्हा नाही, अचानक घरातल्या माणसावर हल्ला. अशी अशील समोर आली की पहिल्याच भेटीत मानसिक आजाराची चौकशी करा. स्त्रियांत हा आजार पुरुषांपेक्षा काही वर्षं उशिरा सुरू होतो, आणि पाळी जाण्याच्या वयाच्या आसपास नव्याने सुरू होणाऱ्यांत स्त्रियाच जास्त असतात. त्यामुळे ‘आजाराचा काहीच इतिहास नाही’ या वाक्यावर थांबू नका. इतिहास त्या महिन्यातच सुरू झालेला असू शकतो.

औषधांचा उपयोग होतो का, हेही तुम्हाला कोर्टात विचारतील. स्वीडनमध्येच ८० हजारांवर रुग्णांची त्यांच्या स्वतःशीच तुलना केली गेली, औषध चालू असतानाचा काळ आणि बंद असतानाचा. सायकोसिसवरची (भ्रम-भासांच्या अवस्थेवरची) औषधं चालू असताना हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी कमी होते. शून्य नव्हते, हेही सांगायला विसरू नका, नाहीतर समोरचा वकील सांगेल.

प्रश्न : मी सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. एक बाई रोज येऊन वर्तमानपत्रांतले तुकडे कापून नेतात. हटकलं तर म्हणतात, “माझ्याबद्दल छापलंय, मी नेणारच.” वरिष्ठ पोलिसांत तक्रार करायला निघालेत. हे नाटक असतं का?

उत्तर : नाटकात माणूस चोरून कापतो, हटकल्यावर नाकारतो. या बाई उघड्यावर कापतात आणि कारणही सांगतात. बातम्यांत आपल्याबद्दल मजकूर आहे, असं वाटणं हे सायकोसिसचं नेहमीचं लक्षण आहे. पोलिसांच्या दप्तरी या आजाराच्या स्त्रियांच्या नावावर अशा किरकोळ गोष्टी खूप सापडतात : तुकडे कापले, पैसे न देता वस्तू उचलली, कुणाच्या दारात तासन्‌तास बसून राहिली, पोलीस ठाण्यात रोज तोच फोन केला. तक्रारीआधी घरचा कुणी सापडतो का बघा. कापलेल्या तुकड्यांवर त्यांच्याबद्दल काय लिहिलंय, ते सहज विचारा. वाद घालू नका, ‘हो हो, तुमच्याबद्दलच आहे’ असंही म्हणू नका. कुणीतरी आपल्याला ठार मारणार आहे किंवा अमक्याला धडा शिकवायचाय, असं उत्तरात आलं तर मात्र त्याच दिवशी मदत मागवा. तेवढं नसेल तर कात्री काउंटरवर ठेवा आणि कालच्या अंकाची एक प्रत त्यांना द्या, म्हणजे बाकीचे अंक कापायचे वाचतील.

प्रश्न : मला २६ व्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, आज मी ३१ ची आहे. गोळ्या नियमित घेते. बाळ पाच महिन्यांचं आहे. अशाच आजाराच्या एका आईने मुलाला जिवे मारल्याची बातमी वाचल्यापासून जिन्यावरून उतरताना ‘हातातून सोडलं तर?’ असा विचार येतो आणि घाम फुटतो. बाळ काढून घेतील या भीतीने कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या हातून काही होईल का?

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस.

जिन्यावरचा विचार कसलाही आजार नसलेल्या कितीतरी नव्या आयांना येतो. त्या फक्त बोलत नाहीत. तुझ्या पत्रात महत्त्वाचं आहे ते ‘घाम फुटतो’. विचार तुला नकोसा आहे, परका वाटतो, तू त्याला घाबरतेस. मी ज्या विचाराला घाबरते तो वेगळा असतो. त्यात आईला घाम फुटत नाही, तिची खात्री पटलेली असते : हे बाळ माझं नाही, किंवा याच्यावर भयंकर संकट येणार आहे आणि त्यातून त्याला मीच सोडवलं पाहिजे. मुलांना जिवे मारणाऱ्या आईबापांच्या १३१ प्रकरणांचा आढावा फिलिप रेझनिक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये घेतला, तेव्हा सगळ्यात मोठा गट असाच निघाला. आपण मुलाचं भलंच करतोय, असं त्या आईबापांना वाटत होतं. द्वेष नव्हता.

तुझं पत्र वाचून तू पहिल्या, म्हणजे विचाराला घाबरणाऱ्या आयांच्या प्रकारात बसतेस असं मला वाटतं. पण पत्रावरून मी निर्वाळा देणार नाही, कारण तुझा आजार आणि बाळंतपणानंतरचं पहिलं वर्ष ही जोडी जपण्यासारखीच आहे. म्हणून या आठवड्यात डॉक्टरांना भेट. गोळ्या एका दिवसासाठीही स्वतःहून कमी करू नकोस. अंगावर पाजत असशील तर तेही सांग, औषध त्या हिशेबाने ठरवता येतं. आणि झोप. सलग दोन-तीन रात्री झोप मोडली की हा आजार डोकं वर काढतो, हे मी इतक्या जणींत पाहिलंय की माझ्या मते रात्रीचं एक पाजणं नवऱ्याने बाटलीने करणं हा उपचारांचाच भाग आहे.

नवऱ्याला सांग. काय सांगायचं तेही देते : “मला असे विचार येतात, मला ते आवडत नाहीत. पण मी कधी ‘हे बाळ आपलं नाही’ म्हणाले, किंवा दोन रात्री अजिबात झोपले नाही, तर बाळाला आईकडे ठेव आणि मला दवाखान्यात ने. मी नको म्हणाले तरी ने.” हे कागदावर लिहून दोघांनी सही करा, एक प्रत डॉक्टरांच्या फाइलला लावा. बाळ काढून घेण्याची वेळ येते ती बहुधा लपवलेल्या आजारात. इतक्या आधी, इतकं स्पष्ट लिहून विचारणाऱ्या आईबद्दल डॉक्टरांचं मत चांगलंच होतं.

मला पाठवलेलं पत्र तसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेव. भेटीची तारीख लांबची मिळाली तर पुन्हा फोन करून ‘बाळ पाच महिन्यांचं आहे’ एवढं सांग आणि अलीकडची मागून घे.